तळघरातला मंगळवार

डॉ. कुसुम गाढवे पहिल्या भेटीत आवडल्या असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दुसऱ्या भेटीतही त्या आवडल्या नसत्या. पण दुसऱ्यांदा त्यांच्याकडे आपण होऊन कोणी जातच नसे.

मी त्या धर्मादाय रुग्णालयात समाजसेविका म्हणून लागले, तेव्हा पुण्यात पैसा नुकताच खेळायला लागला होता. काल ज्वारी उभी होती तिथं काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि ज्याला त्याला 'सिस्टीम' हा शब्द तोंडात घोळवायची सवय लागली होती. आमच्या रुग्णालयात मात्र सिस्टीम अशी नव्हतीच. सर्जन दुसऱ्या मजल्यावर, किरणोपचार मागच्या वेगळ्या इमारतीत, केमोथेरपीचे डॉक्टर बाहेरून अधूनमधून येणार, आणि पॅथॉलॉजी तळघरात, धुलाईखाना आणि जनरेटर यांच्या मधे. कॅन्सरचा पेशंट हातात फाईल घेऊन या सगळ्यांच्या दारांत फिरायचा. प्रत्येक दारात त्याला वेगळी गोष्ट सांगितली जायची आणि त्यातली खरी कुठली हे त्यानंच ठरवायचं असायचं.

पहिल्या दिवशी ऑफिसातला माणूस मला सगळे विभाग दाखवत तळघरात घेऊन गेला. तपासायचे तुकडे बुडवून ठेवतात त्या फॉर्मॅलिनच्या वासानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मायक्रोस्कोपवर वाकलेल्या गाढवेबाईंनी मान वर न करता विचारलं, "कोण?"

"नवीन समाजसेविका आहेत, बाई."

"नक्की काय करणार?"

मी नवी होते, उत्साही होते. म्हटलं, "पेशंटना समजावून सांगणं, धीर देणं, घरच्या अडचणी समजून घेणं."

"म्हणजे वरचे लोक जे घोळ घालतात, ते तुम्ही गोड आवाजात सांगणार. चांगलंय. बसा."

बसायला तिथं खुर्ची नव्हती. असती तरी मी बसले नसते.

त्या दिवसापासून मी 'अहो समाजसेवा' झाले. त्या सगळ्यांना खात्याच्या नावानं हाक मारत. किरणोपचाराचे डॉ. मिरजकर, स्वभावानं इतके मऊ की स्वतःच्याच विभागात दार वाजवून आत जाणारे, ते 'अहो किरण'. ऑफिस म्हणजे 'अहो कागद'. नावानं हाक फक्त एका माणसाला होती : मुख्य सर्जन डॉ. रणदिवे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "वैरी नावानं माहीत असावा."

स्वतःच्या आडनावावरून मात्र त्यांनी कोणाला विनोद करू दिला नाही. एका विश्वस्तांनी तो प्रयत्न केला होता. "आडनाव गाढवे आहे," बाई म्हणाल्या, "म्हणून तुमची ओझी वाहीन असं नाही." विश्वस्त पुन्हा तळघरात उतरले नाहीत. बाईंना 'मॅडम' म्हटलं की त्या मागे वळून बघत, दुसरी कोणी आली आहे का म्हणून. वाघोलीच्या शेतकरी घरातल्या होत्या. गावातली डॉक्टर झालेली पहिली मुलगी. बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकी. पण संताप झाला की 'आहे'चं 'हाय' व्हायचं, आणि ते 'हाय' ऐकलं की तंत्रज्ञ आपापली स्टुलं उचलून कोपरा गाठत. लग्न केलं नव्हतं. भुईमुगाच्या शेंगा आणि गूळ हे त्यांचं दुपारचं जेवण. अंगाला फॉर्मॅलिनचा वास कायमचा बसलेला. पीएमटीच्या बसमध्ये शेजारी कोणी बसत नसे, याचा त्यांना भारी आनंद. "आयुष्यभर खिडकी मिळाली," म्हणत.

पेशंटला त्या भेटत नसत. हा त्यांचा नियम होता. "मी माणसाला भेटत नाही," त्या म्हणत. "माणूस खोटं बोलतो. सिगारेट ओढत नाही म्हणतो, गाठ कालच आली म्हणतो. मी त्याच्यातल्या खरं बोलणाऱ्या तुकड्याला भेटते."

हा नियम त्यांनी मोडला तो मंदामुळे.

मंदा यवतमाळकडची. नवरा भोसरीला कारखान्यात कामाला. तिच्या छातीत गाठ आली. सुईनं पाणी काढून तपासायला तळघरात गेलं आणि बाईंचा रिपोर्ट वर आला : 'संशयास्पद. खात्रीसाठी आधी तुकडा काढून पाठवावा.' डॉ. रणदिव्यांनी त्यातला पहिला शब्द वाचला आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. त्यांचे हात खरोखर चांगले होते, हे सांगायला हवं. वाईट हातांचा सर्जन निदान घाबरून थांबतो. रणदिवे कधी थांबले नाहीत. वाट बघण्यात पेशंटचं नुकसान होतं, असं ते म्हणत. आणि वाट बघण्यात आपला मोठेपणा कमी होतो, हे न म्हणता दिसायचं. त्यांनी मंदाचा स्तन काढून टाकला.

काढलेला भाग तपासणीसाठी तळघरात आला. बाईंनी तो तपासला. त्यात कॅन्सर नव्हता. क्षय होता. छातीतही होतो. गोळ्यांनी बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकार फुकट देतं.

पुढे जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते. रणदिवे राउंडला आले, मंदाच्या खाटेशी थांबले आणि म्हणाले, "अभिनंदन! कॅन्सर निघाला नाही." मागच्या ज्युनियरांनीही माना डोलावल्या. मंदाच्या नवऱ्यानं डॉक्टरांच्या पायांना हात लावला. रणदिव्यांनी तो लावूही दिला. नवरा धावत बाहेर जाऊन पेढे घेऊन आला आणि त्यानं ते वॉर्डभर वाटले. मलाही दिला. मग त्यानं विचारलं, "रिपोर्ट कोनं केला होता जी?"

मी त्याला तळघरात नेलं. नेलं नसतं तर बरं झालं असतं की नाही, हे मी आजही ठरवू शकत नाही.

"बाई, तुमच्यामुळं वाचली ती," तो म्हणाला आणि त्यानं पेढा पुढे केला.

बाईंनी पेढा घेतला. हातात धरून ठेवला. तो माणूस हात जोडून गेला तरी त्या तशाच उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "हे काय होतं?"

मी वरचं सगळं सांगितलं. अभिनंदन, पाय, पेढे.

"तिला खरं कोणी सांगितलं का?"

"नाही. ऑफिसनं सांगितलंय, चांगली बातमी म्हणूनच सांगा."

"चांगली बातमी." त्यांनी पेढा टेबलावर ठेवला, हात धुतले आणि जिन्याकडे निघाल्या. तळघरातून वर चाललेल्या बाई पाहून धुलाईखान्यातली माणसं हातातली कामं टाकून उभी राहिली.

वॉर्डात त्या मंदाच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. धीराचा एकही शब्द बोलल्या नाहीत. "तुम्हाला क्षय होता," म्हणाल्या. "गोळ्यांनी गेला असता. आधी तुकडा बघायचा, मग कापायचं, असं मी लिहिलं होतं. वर कोणी ते वाचलं नाही. मीही विचारायला वर आले नाही. आम्ही आधी कापलं आणि मग वाचलं."

मंदा उठून बसली. पदर सारखा केला. उजव्या बाजूला पदर सपाट बसत होता. मग म्हणाली, "मले सांगून काय फायदा, बाई? कापलं त्यानं. त्याले सांगा."

बाई उठल्या. तळघरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फॉर्मॅलिननं भरलेली, मंदाच्या नावाची चिठ्ठी लावलेली काचेची मोठी बरणी होती.

डॉक्टरांच्या खोलीत जेवणाची वेळ होती. रणदिव्यांच्या भोवती चारपाच जण होते आणि कोणत्या तरी परदेशच्या परिषदेची गोष्ट चालली होती. बाईंनी ती बरणी त्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

"हे तुमचं," म्हणाल्या. "माझ्याकडे ठेवायला जागा न्हाय."

रणदिवे बरणीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "बाई, ही काय पद्धत झाली? क्लिनिकली सगळं कॅन्सरसारखंच होतं. कोणीही हेच केलं असतं."

"कोणीही केलं असतं, म्हणूनच विचारायचं असतं. शंभर पायऱ्या न्हायत खाली. एक जिना हाय."

"तुमचा रिपोर्ट स्पष्ट नव्हता."

"माझा रिपोर्ट मराठी शाळेतलं पोर वाचेल असा होता. तुमचं इंग्रजी कच्चं असंल तर सांगा, उद्यापासून मी रिपोर्टच लिहीत न्हाय. तोंडी देईन. ज्याला ऐकायचा असंल त्यानं खाली यायचं. दर मंगळवारी, जेवणानंतर. सगळ्यांनी एकदम यायचं. कापणाऱ्यानं, भाजणाऱ्यानं आणि औषध देणाऱ्यानं. ही समाजसेवा पण येईल. पेशंट कुठून येतो, त्याचं पोट कशावर हाय, हे तुमच्यापैकी कुणाला तरी म्हायती पायजे."

अशी मी त्या सभेची सदस्य झाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्या मंगळवारी फक्त डॉ. मिरजकर आले, तेही दार वाजवून. दुसऱ्या मंगळवारी रणदिव्यांनी ज्युनियरला पाठवलं. बाईंनी त्याला परत पाठवलं : "निरोप्याला रिपोर्ट देत नाही." ऑफिसनं नोटीस काढली. बाईंनी ती स्लाइडी पुसायला घेतली. मीही त्यांच्याशी भांडले. वर पेशंट खोळंबलेत, त्यांचा काय गुन्हा, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्याला घाई आहे त्याचा रिपोर्ट मी किरणकडे दिला आहे, त्याची सोय झाली आहे. खोळंबलाय तो रणदिव्यांचा मोठेपणा. त्याला थोडं खोळंबू दे." तपासलं तर खरंच तसं होतं.

शेवटी एका पेशंटच्या जावयानं सगळ्यांसमोर रणदिव्यांना विचारलं, "डॉक्टर, रिपोर्ट खालीच आहे म्हणतात. तुम्ही का जात नाही? जिना मोडलाय का?" पुढच्या मंगळवारी रणदिवे नाकाला रुमाल लावून तळघरात उतरले.

त्या दिवशी पहिली गोष्ट निघाली ती मार्केट यार्डातल्या एका माणसाची. घशात, स्वरयंत्रावर कॅन्सर. अगदी सुरुवातीचा. रणदिव्यांनी स्वरयंत्र काढायचं ठरवून टाकलं होतं, तारीखही दिली होती.

"हा काय करतो?" बाईंनी मला विचारलं.

"कांद्याच्या लिलावात बोली पुकारतो."

बाईंनी रणदिव्यांकडे बघितलं. रणदिवे रुमालाआडून म्हणाले, "जीव महत्त्वाचा की आवाज?"

तेव्हा मिरजकरांनी घसा खाकरला. इतकी वर्षं त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर देताना ते आधी माफी मागत. "माफ करा, पण इतक्या लवकरच्या अवस्थेत किरणांनी दोन्ही वाचतात. निकाल सारखाच असतो. पेशंट आमच्याकडे कधी येतच नाही, म्हणून…"

"का येत नाही?" बाई म्हणाल्या.

"पाठवत नाहीत," मिरजकर म्हणाले आणि पुन्हा माफ करा म्हणाले.

रणदिव्यांनी रुमाल खिशात घातला. त्या माणसाची ऑपरेशनची तारीख रद्द झाली. किरणोपचार संपून बरेच महिने गेल्यावर तो कांद्याचं पोतं घेऊन तळघरात आला आणि बाईंना दाखवायचं म्हणून त्यानं पूर्ण ताकदीनं एक बोली पुकारली. जनरेटरचा माणूस पळत आला. बाई म्हणाल्या, "यांचा आवाज वाचला. आमचे कान गेले." पण मिरजकरांना त्यांनी वर निरोप पाठवला, 'अहो किरण, कांदे न्या.' आणि रणदिव्यांना? त्यांनाही पाठवले. नासके निवडून.

पुढे मंगळवार रुळला. आपोआप नाही, दर आठवड्याला कोणी ना कोणी रुसलेलं असायचं. केमोथेरपीचे डॉक्टर उशिरा आले की बाई त्यांना झालेलं सगळं पहिल्यापासून ऐकवत, म्हणजे त्यांची बाहेरची ओपीडी बुडायची. ते वेळेवर येऊ लागले. कापायचं की नाही, आधी की नंतर, माणूस नगरहून रोज येऊ शकतो का, हे सगळं पेशंटला हात लावण्याआधी बोललं जाऊ लागलं. एवढी साधी गोष्ट. तिला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. चार शहाण्यांना एका खोलीत बसवणं हे चार मांजरांना एका पोत्यात घालण्याइतकं अवघड असतं. फरक इतकाच, की मांजरांना पदव्या नसतात.

त्याच सुमाराला बाईंचे धाकटे भाऊ बाळासाहेब रुग्णालयात आले. वाघोलीची जमीन बिल्डरला दिल्यावर स्वतःच बिल्डर झालेले. पांढरे बूट, मागे दोन माणसं. विश्वस्तांनी त्यांना हार घातला होता, तो गळ्यात तसाच ठेवून ते तळघरात आले.

"ताई, आईच्या नावानं मशीन द्यायचं म्हणतोय. फॉरेनचं."

बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. "आई मशीन नव्हतं म्हणून गेली का?"

बाळासाहेबांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"एकानं पिशवी काढली. दुसरा म्हणाला, काढायला नको होती, आधी किरणांचा शेक द्यायला पाहिजे होता. तिसऱ्यानं आता उशीर झाला म्हणून घरी पाठवली. तिघं एकाच रस्त्यावर बसत होते, बाळू. एकमेकांच्या दवाखान्याच्या पाट्या वाचत होते. मशीन काय करणार त्याला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आईबद्दल त्यांनी याआधी किंवा नंतर कधीही काही सांगितलं नाही.

"मग काय करू?" बाळासाहेब म्हणाले. आवाज खाली आला होता.

"किरणोपचाराला माणसं लांबून येतात. दीड महिना राहायचं कुठं? फुटपाथवर झोपतात आणि निम्म्यात पळून जातात. त्यांना राहायला जागा बांध. तुझ्याकडं न विकलेले फ्लॅट असतीलच."

"त्याच्यावर नाव लागंल का?"

"लाव. आईचं लाव, अण्णांचं लाव, तुझ्या कुत्र्याचं लाव."

बाळासाहेबांनी जागा दिली. नाव आईचंच लावलं, संगमरवरात, इतक्या मोठ्या अक्षरांत की ते नाव रस्त्यापलीकडून वाचता येई आणि दार शोधावं लागे. मशीन विश्वस्तांनी दुसऱ्या एका दात्याकडून मिळवलं. मशीन देणाऱ्यांची पुण्यात तेव्हा काही कमी नव्हती. मशीनशेजारी उभं राहून फोटो काढता येतो.

मग रुग्णालयाला सीईओ आला. आयटी कंपनीतून. तरुण, हसरा, सगळ्यांना एकेरी हाक मारणारा. फक्त बाईंना एकदाच. त्यानं मंगळवारबद्दल ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. "हे जबरदस्त आहे. हे आपण स्केल करू. नगर, सातारा, सोलापूर, सगळी तालुक्याची हॉस्पिटलं व्हिडिओवर जोडू. रीजनल नेटवर्क!"

"कशावर?" बाईंनी विचारलं.

"नेटवर."

"नेट म्हणजे जाळं ना? मासे कोण?"

तो मनापासून हसला. वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच वाटायचं की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत कारण त्यांच्याकडे केबल नाही. सभा पाचव्या मजल्यावर गेली. गार खोली, मोठा पडदा, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, भिंतीवर इंग्रजीत 'एकत्र येऊन उत्कृष्टता' अशा अर्थाचं काहीतरी. औषध कंपनीकडून खाऊचे डबे. मंगळवारला नवीन, मोठं नाव मिळालं आणि तो सोमवारी भरू लागला, कारण सीईओला मंगळवारी दुसरी मीटिंग असायची. पहिल्या पत्रकावर रणदिव्यांचा फोटो होता, खाली 'या संकल्पनेचे प्रणेते'. मी ते पत्रक बाईंना दाखवलं. त्यांनी नीट बघितलं. "फोटो जुना आहे," म्हणाल्या. "केस आहेत."

पाचव्या मजल्याची त्यांनी मनसोक्त टिंगल केली, पण एकही सोमवार चुकवला नाही. कॅमेऱ्याकडे पाठ करून बसत आणि पडद्यावरच्या तालुक्यातल्या पोरसवदा डॉक्टरांना, नावं माहीत नसल्यामुळे, गावाच्या नावानं झापत : "अहो फलटण, आधी तुकडा पाठवा, मग सुरी परजा." फलटण घाबरून तुकडा पाठवायचं. जाळ्याचा उपयोग होत होता. हे बाईंना कळत होतं, म्हणून तर त्यांची चिडचिड जास्त होती.

त्याच पाचव्या मजल्यावर एका सोमवारी ते घडलं.

नगर जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक होते. मांडीत मोठी गाठ. रणदिव्यांनी तिचा तुकडा काढून पाठवला होता. बाईंनी स्लाइड पडद्यावर दाखवली. "चरबीची साधी गाठ. कॅन्सर नाही. पुढचा."

"थांबा, बाई," रणदिवे म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या. इतक्या वर्षांत त्यांनी बाईंना 'थांबा' म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"साधी गाठ हाताखाली सरकते. ही सरकत नव्हती. खोल रुतली होती. तुकडा काढताना रक्तही फार आलं. माझ्या हाताला ती बरी वाटली नाही."

"हाताला वाटायला तुमचा हात काय मायक्रोस्कोप हाय?" बाई म्हणाल्या. 'हाय' ऐकून ज्युनियरांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

रणदिवे आवाज न चढवता म्हणाले, "नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. एकदा पुन्हा बघा. तोवर मी त्यांना काही सांगत नाही."

बाई उठून गेल्या. ज्युनियर एकमेकांकडे बघून हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या मागोमाग खाली गेले. तळघरात त्यांनी तंत्रज्ञाला उरलेला सगळा तुकडा कापायला सांगितला. "सगळा म्हणजे सगळा," म्हणाल्या. त्याला एक-दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत त्या कोणाला काही लागट बोलल्या नाहीत, आणि आम्हा सगळ्यांचा जीव घाबरा झाला.

पुढच्या सोमवारी सगळे बसायच्या आधी त्या येऊन बसल्या होत्या. पडद्यावर तालुके उगवले. बाई उभ्या राहिल्या. याआधी त्या कधी उभं राहून बोलल्या नव्हत्या.

"मांडीची गाठ," म्हणाल्या. "कॅन्सर आहे. पाच भागांत साधी चरबी आहे आणि एका भागात कॅन्सर आहे. मी एक भाग बघितला आणि बाकीचे सोडून दिले. घाई नव्हती, काम जास्त नव्हतं, कारण काहीच नव्हतं. मला वाटलं मला कळलं. रणदिवे बरोबर, मी चूक. फलटण, ऐकू आलं का? सातारा? नसेल आलं तर पुन्हा सांगते."

कोणी हललं नाही. पडद्यावरचे तालुकेही फोटोसारखे बसून राहिले. ज्युनियरांनी रणदिव्यांकडे बघितलं. इतक्या वर्षांची उधारी वसूल करायची वेळ आली होती, आणि ते ती करणार असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

रणदिव्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गुरुजींना मी आज बोलावलंय," म्हणाले. "मिरजकर, आधी किरण की आधी ऑपरेशन? पाय वाचवायचा आहे." आणि मग बाजूला वळून, जरा हळू : "बाई, चहा सांगू का?"

"चहानं काय हुतंय," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

चहा आला. त्यांनी घेतला.

गुरुजींचा पाय वाचला. आणि पुढच्या सोमवारी बाईंनी रणदिव्यांना नेहमीच्या दुप्पट झापलं. रणदिव्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी सुटका आधी पाहिली नव्हती.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मोठा सत्कार ठरला. सीईओनं भाषणात 'सिनर्जी' हा शब्द इतक्या वेळा वापरला, की मागच्या रांगेतल्या सिस्टरांना ते कोणत्या तरी पाहुण्यांचं नाव वाटलं. रणदिवे चार वाक्यं बोलले. त्यांतली तीन बाईंच्या स्वभावाबद्दल होती आणि खरी होती. बाईंना बोलायचा आग्रह झाला. त्या माइकपाशी गेल्या, "जेवून घ्या," म्हणाल्या आणि परत आल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी मी त्यांना स्वारगेटला पाहिलं. मी साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होते. पलीकडे एक एसटी उभी होती आणि तिच्या दारात, प्रवाशांना मागे खोळंबवून, बाई कंडक्टरशी भांडत होत्या. छातीशी शालीत गुंडाळलेलं काहीतरी जड धरलं होतं. जवळ गेले तर तो मायक्रोस्कोप. शाल सत्काराची, जरीकाठाची.

"बाई, कुठं?"

"अहो समाजसेवा," त्या म्हणाल्या, जणू काल भेटलो होतो. "तालुक्याला. तिथं तीन डॉक्टर आहेत. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसतात आणि बोलत नाहीत."

"पण आता तर व्हिडिओ आहे."

"व्हिडिओवर तर अजिबातच बोलत नाहीत. माना हलवतात."

कंडक्टर वैतागला होता. "मावशी, गाडी सुटायची वेळ झाली. एवढं जड आहे, लगेज लागेल."

"हे लगेज नाही."

"मग काय आहे?"

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी ती नजर ओळखत होते. तिच्याखाली विश्वस्त वितळले होते. "तुमच्या डेपोतल्या सगळ्या साहेबांपेक्षा जास्त शिकलेलं आहे हे," त्या म्हणाल्या.

कंडक्टरनं शालीकडे बघितलं, तिकिटाचं यंत्र हातात घेतलं आणि चेहरा न हलवता विचारलं, "असं का? मग फुल काढू की हाफ?"

एक क्षण बाई नुसत्या बघत राहिल्या. मग हसल्या. ओठांच्या कोपऱ्यातलं ते नेहमीचं हसणं नव्हे. तोंड उघडून, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मागचे दोन दात पडलेले होते. इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. हसता हसताच त्या पायऱ्या चढल्या, आणि कंडक्टरनं मायक्रोस्कोपला खालून हात लावला.

"फुल," आतून त्यांचा आवाज आला. "वयानं मोठा आहे तो."

गाडी निघाली. काचेतून शालीची जर तेवढी दिसत राहिली.